उष्णतेची गणितं: सूत्र पाठ असूनही उत्तर का चुकतं

प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या एका बारावीच्या मुलीचा आहे. थोडक्यात तो असा: "थर्मोडायनॅमिक्सची सगळी सूत्रं पाठ आहेत. सोडवलेली उदाहरणं वाचली की समजतात. स्वतः सोडवायला बसलं की कधी चिन्ह उलटं येतं, कधी उत्तर हजारपट येतं, कधी नेमकं दुप्पट. गावात विचारायला कोणी नाही आणि यवतमाळचा क्लास परवडत नाही. सुरुवात कुठून करू?"

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसलेली पोरंच माझ्या वर्गात जास्त असतात. त्यामुळे तुझी अडचण मला चांगली माहीत आहे. सर्वांत आधी हे सांगतो की तू जे तीन प्रकार लिहिलेस त्यांतच निदान आहे. चिन्ह उलटं येतं, कारण उष्णता कोणाची मोजतोय हे ठरवलेलं नसतं. हजारपट येतं, कारण ज्यूल आणि किलोज्यूल एकाच ओळीत मिसळतात. दुप्पट येतं, कारण दिलेला आकडा किती मोलसाठी (मोल म्हणजे पदार्थ मोजायचं रसायनातलं माप) आहे हे पाहिलेलं नसतं. यात चौथी गोष्ट मी जोडतो, ती म्हणजे पदार्थ घन, द्रव की वायू. या चार गोष्टी सूत्राला हात लावायच्या आधी कागदावर उतरवायच्या. या धड्यातलं बीजगणित सातवीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. चूक होते ती त्याच्या आधी.

आता एकेक घेऊ, आणि उदाहरणं आपल्याच आजूबाजूची घेऊ. पुस्तकातला बॉम्ब कॅलरीमीटर, म्हणजे अभिक्रियेची उष्णता मोजायचं बंद भांडं, तू पाहिलेला नाहीस, युरिया मात्र पाहिलेला आहे.

कपाशीवर दोन टक्के युरियाची फवारणी करतात. १५ लिटरचा पंप असेल तर ३०० ग्रॅम युरिया. बरेच जण तो आधी बादलीत दोनेक लिटर पाण्यात विरघळवतात आणि मग पंपात ओततात. युरिया विरघळताना बादलीला हात लावून पाहा, चांगली गार लागते. म्हणजे युरियाचं विरघळणं उष्माग्राही आहे. एक मोल, म्हणजे ६० ग्रॅम युरिया विरघळताना सुमारे १५ किलोज्यूल उष्णता घेतो. ३०० ग्रॅम म्हणजे ५ मोल, म्हणून एकूण ७५ किलोज्यूल. बादलीत २ किलो पाणी आणि ०.३ किलो युरिया मिळून २.३ किलो द्रावण झालं. त्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, पाण्याइतकीच, ४.१८ किलोज्यूल, धरू. आपल्या पातळीच्या सगळ्या गणितांत तसंच धरतात.

तापमानातली घट = ७५ ÷ (२.३ × ४.१८) = सुमारे ७.८ अंश

आता समजा तोच ३०० ग्रॅम युरिया सरळ पंपातल्या १५ लिटरमध्ये टाकला. उष्णता तीच, ७५ किलोज्यूल. द्रावण मात्र १५.३ किलो.

तापमानातली घट = ७५ ÷ (१५.३ × ४.१८) = सुमारे १.२ अंश

हाताला हे कळणारही नाही. हे दोन हिशोब शेजारी शेजारी लिहून नीट बघ. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण गणितात विद्यार्थी त्यांना एकच समजून चालतात. अभिक्रिया किती उष्णता घेते किंवा देते हे मोलवर ठरतं. तापमान किती बदलतं हे ती उष्णता किती पाण्यात पसरली यावर ठरतं. म्हणून ५० मिलिलिटर एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिलिलिटर एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं की तापमान सुमारे ६.९ अंश वाढतं, आणि दोन्ही दुप्पट घेतली तरी ६.९ अंशच वाढतं. मोल दुप्पट झाले, पाणीही दुप्पट झालं. परीक्षेत हा प्रश्न एका गुणाला येतो आणि अर्धा वर्ग १३.८ लिहितो.

युरियाचा प्रयोग घरी करता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतून साधा थर्मामीटर मागून आण, ताप मोजायचा चालणार नाही. थर्माकोलचा ग्लास घे, २०० मिलिलिटर पाणी, ३० ग्रॅम युरिया. प्रमाण बादलीचंच आहे, म्हणून हिशोबाने घटही ७.८ अंशच यायला हवी. प्रत्यक्षात थोडी कमी येईल, कारण बाहेरची उष्णता ग्लासात शिरते. स्टीलच्या ग्लासात केलंस तर आणखी कमी येईल. कॅलरीमीटरला बाहेरून वेष्टण का लागतं हे त्यातून कळतं. प्रयोगानंतर हात धू आणि तो ग्लास पिण्यासाठी वापरू नकोस.

आता चिन्ह. युरियाच्या याच उदाहरणावर एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, पाणी गार होऊन राहिलं, म्हणजे उष्णता कमी झाली, मग डेल्टा एच प्लस काहून?" डेल्टा एच म्हणजे एन्थॅल्पीतला बदल, सोप्या शब्दांत स्थिर दाबाला अभिक्रियेने घेतलेली किंवा दिलेली उष्णता. प्रश्न अगदी रास्त आहे. शेतकरी कृषी केंद्रातून पाचशे रुपयांचं औषध आणतो, तेव्हा तो एकच व्यवहार दुकानदाराच्या वहीत जमा पडतो आणि शेतकऱ्याच्या वहीत खर्च. इथेही दोन वह्या आहेत. एक अभिक्रियेची, म्हणजे व्यवस्थेची, आणि दुसरी पाण्याची, म्हणजे परिसराची. पाण्याने ७५ किलोज्यूल गमावले, म्हणून पाण्याच्या वहीत उणे. ते विरघळण्याच्या क्रियेला मिळाले, म्हणून तिच्या वहीत अधिक. थर्मामीटर नेहमी पाण्याची वही दाखवतो आणि डेल्टा एच नेहमी अभिक्रियेची वही विचारतो. म्हणून कॅलरीमीटरच्या प्रत्येक गणितात शेवटून दुसरी ओळ ही असायलाच हवी:

अभिक्रियेची उष्णता = − (द्रावणाची उष्णता)

ही ओळ मनात धरून चालत नाही, कागदावर लिहायची. तापमान वाढलं तर डेल्टा एच उणे, तापमान घटलं तर अधिक. उत्तर लिहून झालं की एवढं ताडून बघ.

चिन्हाबद्दल आणखी एक गोष्ट, जी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना फार त्रास देते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिला नियम असा लिहितात: आंतरिक ऊर्जेतला बदल = उष्णता + कार्य. इथे कार्य म्हणजे व्यवस्थेवर झालेलं कार्य. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लिहितात: उष्णता = आंतरिक ऊर्जेतला बदल + कार्य, आणि तिथे कार्य म्हणजे व्यवस्थेने केलेलं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कार्याचं चिन्ह उलटं धरलेलं आहे. वायू २ बार दाबाविरुद्ध १ लिटरचा ३ लिटर झाला, तर रसायनाच्या पेपरात कार्य = −२ × २ = −४ बार-लिटर, म्हणजे −४०० ज्यूल. भौतिकच्या पेपरात तेच +४०० ज्यूल. पेपर कोणता आहे ते बघायचं आणि दोन्ही पद्धती एका गणितात आणायच्या नाहीत. एक बार-लिटर म्हणजे १०० ज्यूल हे पाठच ठेव, वातावरण-लिटर दिलं असेल तर १०१.३.

हजारपटीच्या चुकीबद्दल फार लिहीत नाही, कारण उपाय एकच आहे. पहिल्याच ओळीत सगळं किलोज्यूलमध्ये आण. ही चूक सगळ्यांत जास्त होते ती डेल्टा एच आणि डेल्टा यू (आंतरिक ऊर्जेतला बदल) यांचं नातं, म्हणजे डेल्टा यू = डेल्टा एच − (वायूंच्या मोलमधला बदल × वायू स्थिरांक × तापमान), वापरताना, कारण तिथे वायू स्थिरांक ८.३१४ हा ज्यूलमध्ये असतो आणि डेल्टा एच किलोज्यूलमध्ये. अमोनियाचं उदाहरण घे. नायट्रोजनचा एक मोल आणि हायड्रोजनचे तीन मोल मिळून अमोनियाचे दोन मोल होतात, डेल्टा एच −९२.२ किलोज्यूल. वायूंचे मोल चाराचे दोन झाले, म्हणजे बदल −२.

डेल्टा यू = −९२.२ − (−२ × ०.००८३१४ × २९८) = −९२.२ + ४.९६ = −८७.२ किलोज्यूल

स्थिरांक ०.००८३१४ असा लिहायची सवय लावलीस की हा घोटाळा मुळातच होत नाही. मोल मोजताना फक्त वायू मोजायचे. पाणी द्रवरूप असेल तर ते या मोजणीत येत नाही. आणि तापमान इथे केल्विनमध्येच हवं. उलट वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक या सूत्रात सेल्सिअस चालतं, कारण दोन तापमानांतला फरक दोन्ही मापांत सारखाच असतो. फरकात २७३ मिळवणारी मुलं दरवर्षी भेटतात.

दुप्पट उत्तराचं मूळ याच अमोनियात आहे. −९२.२ हे दोन मोल अमोनियाचं. 'अमोनियाची प्रमाणित निर्मिती एन्थॅल्पी काढा' असं विचारलं तर उत्तर −४६.१, कारण निर्मिती एन्थॅल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून पदार्थ तयार होतानाचा डेल्टा एच, नेहमी एका मोलची असते. ब्युटेनचंही तसंच. समीकरण पूर्णांकात संतुलित करायला दोन मोल ब्युटेन आणि तेरा मोल ऑक्सिजन लिहितात, आणि त्याच्यापुढे −५७५६ किलोज्यूल दिलेलं असतं. विचारलेलं असतं २९ ग्रॅम ब्युटेनचं. २९ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल, एका मोलची ज्वलन उष्णता २८७८, म्हणून उत्तर १४३९ किलोज्यूल. ज्याने ५७५६ चं निम्मं केलं त्याचं चुकलं. समीकरणाशेजारी दिसणारा प्रत्येक आकडा दिसताक्षणी 'प्रति किती मोल' असं त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहायचं.

ब्युटेन निघालाच आहे तर अंघोळीच्या पाण्याचं गणित करून टाकू. थंडीत २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, आपण सगळा ब्युटेनच धरू. समजा जळणाच्या उष्णतेपैकी ६० टक्केच पाण्यात जाते.

पाण्याला लागणारी उष्णता = २० × ४.१८ × २५ = २०९० किलोज्यूल

आता ६० टक्क्यांनी गुणायचं की भागायचं? विचार कर. उष्णता वाया जाते म्हणजे गॅस जास्त लागणार, म्हणून भागायचं. २०९० ÷ ०.६ = सुमारे ३४८३ किलोज्यूल. त्याला २८७८ ने भागलं की १.२१ मोल, आणि ५८ ने गुणलं की सुमारे ७० ग्रॅम गॅस. ज्याने गुणलं त्याला २५ ग्रॅम मिळतील. पण काहीही वाया न जाता सगळी उष्णता पाण्यात गेली असती तरी ४२ ग्रॅम लागलेच असते. ४२ पेक्षा कमी उत्तर येऊच शकत नाही. उत्तर शक्य कोटीतलं आहे का, हे तपासायला अर्धं मिनिट लागतं, आणि बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसल्यामुळे ही तपासणी आणखी मोलाची. ४.१८ ला आधी ४ धरून तोंडी अंदाज काढ आणि मग लॉग टेबल उघड.

चौथी गोष्ट, अवस्था. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि घराघरात कूलर लागतो. कूलर काय करतो? पाण्याची वाफ करतो, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून काढून घेतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास एक मोल पाण्याची वाफ व्हायला ४४ किलोज्यूल लागतात. म्हणजे १८ ग्रॅमला ४४, तर एक लिटरला साधारण २४४४ किलोज्यूल. अंघोळीच्या पूर्ण बादलीला लागलेल्या उष्णतेपेक्षा ही जास्त आहे. पाणी आणि वाफ यांच्यात एवढं अंतर आहे. तेव्हा समीकरणात 'द्रव' ऐवजी 'वायू' धरला की उत्तर किती सरकेल ते बघ. गोबरगॅसमधला जळणारा भाग मिथेन. एक मोल मिथेन जळून द्रव पाणी झालं तर −८९०.३ किलोज्यूल, वाफ झाली तर −८०२.३. फरक ८८, म्हणजे बरोबर दोन मोल पाण्याचे दोनदा ४४. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात पाण्याच्या दोन ओळी असतात, −२८५.८ आणि −२४१.८. घाईत भलतीच ओळ उचलली जाते. १०० अंशांवर उकळताना हा आकडा ४४ नसून ४०.७ असतो, प्रश्नात जो दिला असेल तो घ्यायचा.

बर्फाच्या गणितात अवस्थेचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ४० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला, शेवटचं तापमान किती? बर्फ वितळायला ग्रॅमला ३३४ ज्यूल. इथे सरळ समीकरण मांडू नकोस. आधी विचार की सगळा बर्फ वितळेल का? पाणी शून्यापर्यंत थंड होताना जास्तीत जास्त २०० × ४.१८ × ४० = ३३४४० ज्यूल देऊ शकतं. बर्फाला हवेत ५० × ३३४ = १६७०० ज्यूल. वितळेल, आणि १६७४० ज्यूल उरतील. ते २५० ग्रॅम पाण्यात वाटले की १६७४० ÷ (२५० × ४.१८) = १६ अंश. आता हेच १५० ग्रॅम बर्फाचं कर. त्याला ५०१०० ज्यूल हवेत, पाण्याकडे ३३४४० च आहेत. म्हणून सुमारे १०० ग्रॅम वितळेल, ५० ग्रॅम तसाच राहील आणि तापमान शून्य. हाच प्रश्न न तपासता सूत्रात घातला की उणे तापमानाचं पाणी मिळतं. लाव्होझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२–८३ च्या हिवाळ्यात उष्णता मोजली ती अशीच, बर्फ किती वितळला ते पाहून. त्यांच्याकडे अभिक्रियेची उष्णता मोजायचं तेच साधन होतं.

आता हेसचा नियम. या धड्यातला हा माझा सगळ्यांत आवडता भाग, आणि विद्यार्थी सगळ्यांत जास्त घाबरतात तोही हाच. जेरमेन हेस या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करताना १८४० साली तो मांडला. सुरुवात आणि शेवट तेच असतील तर अभिक्रिया एका पायरीत करा की दहा पायऱ्यांत, एकूण उष्णता तेवढीच. वाक्य सोपं आहे. त्यावर विश्वास बसण्यासाठी चुन्याचा हिशोब करून बघ. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, तिकडच्या पोरांना हे डोळ्यांसमोर दिसतं.

तक्त्यातून प्रमाणित निर्मिती एन्थॅल्पी घेऊ, सगळ्या किलोज्यूल प्रति मोल: चुनखडी −१२०६.९, कळीचा चुना −६३५.१, भिजवलेला चुना −९८६.१, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, द्रव पाणी −२८५.८. नियम एकच: तयार झालेल्यांची बेरीज वजा वापरलेल्यांची बेरीज.

पहिली पायरी भट्टीतली. चुनखडीतून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड.

(−६३५.१ − ३९३.५) − (−१२०६.९) = +१७८.३

अधिक आलं. ते यायलाच हवं, कारण भट्टीला कोळसा जाळून सतत उष्णता द्यावी लागते. दगड आपोआप भाजला जात नाही.

दुसरी पायरी, रंग द्यायच्या आधी टाक्यात कळीचा चुना भिजवतात ती.

(−९८६.१) − (−६३५.१ − २८५.८) = −६५.२

उणे, म्हणजे उष्मादायी. ज्याने चुना भिजवताना पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही: खदखदतो, वाफा येतात, डबा हातात धरवत नाही. किती तापतो? एक किलो कळीचा चुना म्हणजे १००० ÷ ५६ = १७.८६ मोल. गुणिले ६५.२, म्हणजे सुमारे ११६४ किलोज्यूल. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला २९२.६ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका किलो चुन्यात जवळजवळ चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता आहे. थोडं पाणी टाकलं की ते उकळून उडतं, आणि चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चुना भिजवताना वरून वाकून बघायचं नाही आणि लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, हे गणिताइतकंच लक्षात ठेव. शिंतोडा गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

तिसरी पायरी भिंतीवर घडते. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पाणी सुटतं.

(−१२०६.९ − २८५.८) − (−९८६.१ − ३९३.५) = −११३.१

हीसुद्धा उष्मादायी. भिंत गरम लागत नाही, कारण ही क्रिया हळूहळू चालते आणि उष्णता तेवढ्या वेळात हवेत निघून जाते.

आता तिन्हींची बेरीज कर: १७८.३ − ६५.२ − ११३.१ = ०. चुनखडीपासून निघालो आणि कॅल्शियम कार्बोनेटवरच परत आलो, म्हणून एकूण बदल शून्य. भट्टीने जी उष्णता चुन्यात घातली ती त्याने दोन हप्त्यांत परत दिली. थोडी टाक्यात, बाकीची भिंतीवर. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केलास की समीकरण उलटं केलं तर चिन्ह का बदलायचं, दोनने गुणलं तर उष्णतेलाही दोनने का गुणायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. परीक्षेतल्या हेसच्या गणितात तीन समीकरणं देतात आणि चौथ्याची उष्णता विचारतात. तिथे आधी हव्या असलेल्या समीकरणातला असा पदार्थ शोध जो दिलेल्यांपैकी एकाच समीकरणात आहे. तो ज्या बाजूला आणि जितक्या मोलमध्ये हवा, त्याप्रमाणे ते समीकरण उलटव किंवा गुण. ऑक्सिजनसारखा पदार्थ सगळीकडे असतो, त्याच्यापासून सुरुवात केलीस तर गुंता होतो. तो शेवटी आपोआप जुळतो, आणि जुळला नाही तर कुठेतरी चुकलंय हे तिथेच कळतं.

मूलद्रव्यांची निर्मिती एन्थॅल्पी शून्य, पण त्यांच्या प्रमाणित रूपातच. कार्बनसाठी ग्रॅफाइट, हिऱ्याची शून्य नसते.

बंध ऊर्जेच्या गणितात वजाबाकीचा क्रम उलटा असतो आणि त्यात बरेच जण फसतात. तिथे तुटलेल्या बंधांची बेरीज वजा जुळलेल्या बंधांची. बंध तोडायला ऊर्जा लागते, जुळताना सुटते, हे कायम. 'बंध तुटला की ऊर्जा सुटते' असं काही जणांच्या डोक्यात बसलेलं असतं, ते काढून टाक. हायड्रोजन आणि क्लोरिन मिळून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल होतात: ४३६ + २४२ − २ × ४३१ = −१८४ किलोज्यूल. ही पद्धत फक्त वायुरूप पदार्थांना लागू पडते. म्हणूनच मिथेनच्या ज्वलनाचं उत्तर बंध ऊर्जांवरून काढलं तर ८०२ च्या जवळ येतं, ८९० च्या नाही. आता ते का, हे तुला वरच्या परिच्छेदांवरून सांगता येईल.

अभ्यासाचं म्हणशील तर नवी पुस्तकं विकत घेऊ नकोस. बोर्डाचं पुस्तक आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं पुरेशी आहेत. फक्त ती वाचू नकोस. उदाहरणाचा प्रश्न वहीत उतरव, पुस्तक बंद कर, आणि आकडेमोड सुरू करायच्या आधी चार गोष्टी लिही: उष्णता कोणाची, प्रति किती मोल, कोणत्या अवस्थेत, कोणत्या एककात. त्यानंतर सोडव. उत्तर चुकलं तर या चारांपैकी काय चुकलं तेवढंच समासात लिही. दहाबारा गणितांनंतर समास वाचलास तर बहुधा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल, आणि मग पुढचा आठवडा फक्त तेवढ्यावर घालवायचा.

एक गणित तुझ्यासाठी. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली काडी) चुलीत घातली की आधी नुसता धूर होतो. समजा एका मोळीत २५० ग्रॅम पाणी मुरलेलं आहे, ३० अंशांवर. ते १०० अंशांपर्यंत तापवून पूर्ण वाफ करायला किती किलोज्यूल लागतील? १०० अंशांवर वाफ होण्यासाठी ग्रॅमला २२६० ज्यूल घे. उत्तर सुमारे ६३८ यायला हवं. ५६५ आलं तर तापवण्याची पायरी राहिली, ७३ आलं तर वाफेची. ५६५ मध्ये ७३१५० मिळवून बसलीस, तर एककं पुन्हा बघ. आणि तापमानाचा फरक ७० ऐवजी ३४३ धरला असशील, तर केल्विनचा परिच्छेद पुन्हा वाच.